ज्याच्या त्याच्या प्रकृतीचं पुस्तक

अहो आई,

तुमच्या मुलाला वाचून काय दाखवायचं ते मला सापडत नाही, आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात. दिवाळी झाली आणि यांना अर्धांगवायूचा झटका आला. काठी धरून चालतात, उजवा हातही हळूहळू परत येतो आहे, पण बोलणं गेलं ते गेलंच. समजतं सगळं. कुणी पेपर उलटा धरला तर हसतात, फोन वाजला की माझ्याकडे बघतात. तोंडातून शब्द मात्र निघत नाही. बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येते, त्यांच्याकडून आ आणि ई करून घेते, आणि जाताना मला बजावून जाते की आजी, यांना रोज मोठ्यानं वाचून दाखवा, पण त्यांच्या आवडीचंच वाचा, आवडीच्या गोष्टीवर माणूस लवकर बोलता होतो. उशीर करू नका, पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, असंही ती म्हणाली. मी बरं म्हणाले, दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. ज्या माणसाशी इतकी वर्षं संसार केला त्याला कुठलं पुस्तक आवडतं हे मला माहीत नाही. ते खातं कायम तुमच्याकडे होतं, आणि जाताना तुम्ही किल्ल्या दिल्यात, देवघर दिलंत, लोणच्याच्या बरण्या दिल्यात, हे मात्र कुणाला समजावून दिलं नाहीत.

शनिवार पेठेतली गुरुवारची दुपार मला आजही चीड आणते. जेवणं आटोपतात, ओटा पुसून होतो, तुम्ही पदर खोचता, कापडी पिशवीत चार पुस्तकं घालता आणि वाचनालयात निघता. दोन कार्डं, चार पुस्तकं, घरात वाचणारी चार माणसं. पाचव्या तुम्ही, आणि तुम्ही स्वतःसाठी कधी काही आणलं नाहीत. तुमचं वाचन म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू. काय आणू, हा प्रश्न तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. एकदा भाऊजींनी धीर करून एका कादंबरीचं नाव सांगितलं, तर तुम्ही चपला घालता घालता म्हणालात की वैद्याकडे जाऊन कुणी चूर्णाचं नाव सांगत नाही, जीभ दाखवतं. वाचनालयातले काउंटरवरचे गृहस्थ तुम्हाला टरकून असायचे, कारण सगळ्यांसारखी तुम्ही यादी द्यायचा नाहीत. आठदहा पुस्तकं मागवून घ्यायचात, उभ्यानंच प्रत्येकाचं मधलं पान उघडायचात, तेवढंच वाचायचात आणि चार बाजूला काढायचात. मी तुमच्याबरोबर आले होते त्या दिवशी विचारलं की पहिलं पान का नाही बघत. तुम्ही म्हणालात, पहिल्या पानावर लेखक नटूनथटून दारात उभा असतो, मधल्या पानावर घरच्या कपड्यांत सापडतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या सुनेला हे कॅलेंडर वाचणाऱ्या सासूनं सांगावं, याचा मला त्या दिवशी फार राग आला होता.

मामंजींना तुम्ही मधमाशा दिल्यात. मामंजी हा शब्द तेव्हाही जुनाट वाटायचा, पण तुम्हीच मला तो लावून दिलात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा राग घरी आला होता. पेपरवाला, नळ, शेजारच्यांचा रेडिओ, सगळ्यांवर त्यांचं ओरडून व्हायचं. तुमचं म्हणणं असं की रागीट माणसाला अशा गोष्टीबद्दल वाचायला द्यावं जिच्यावर ओरडून काही उपयोग नसतो. मधुमक्षिकापालनाची जेवढी पुस्तकं त्या वाचनालयात होती तेवढी संपली, मग रेशमाचे किडे आले, मग मुंग्या. मामंजी सकाळी दूधवाल्याला थांबवून राणीमाशी आणि कामकरी माशी यांतला फरक समजावून सांगायचे आणि तो बिचारा भांडं हातात धरून ऐकायचा. राग गेला असं मी म्हणणार नाही, पण तो सकाळी दुधाबरोबर उतरायचा हे खरं. भाऊजी दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी प्रेमात पडायचे, तर त्यांना तुम्ही मोठ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा फक्त मधला भाग आणायचात. पहिला नाही, शेवटचा नाही. सुरुवात त्याला येते आणि शेवट त्याला सोसत नाही, हे तुमचं निदान. भाऊजी आता कॅनडात असतात. मागच्या वर्षी त्यांनी मला फोन करून विचारलं की वहिनी, त्या किल्ल्याच्या कादंबरीत पुढे काय झालं, तुम्हाला माहीत आहे का.

आणि यांना वाघ. लग्न होऊन मी आले त्या आठवड्यापासून तुम्ही जाईपर्यंत, दर गुरुवारी यांच्यासाठी शिकारीच्या गोष्टी. मचाण, बकरी, रात्रभर जागणं, पहाटे झाडलेली गोळी. का, तर हा मुलगा दुकानात दोन शर्टांपुढे उभा राहिला की संध्याकाळ होते. वाघ समोर आल्यावर तरी माणसाला ठरवावं लागतं, ते याच्या डोळ्यांखालून जाऊ दे, असं तुम्ही मला पोळ्या लाटता लाटता सांगितलंत. हे खिडकीतल्या खुर्चीत बसायचे, निमूटपणे वाचायचे आणि गुरुवारच्या आत पुस्तक पिशवीत परत ठेवायचे. कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचे. शर्टांचं काही सुधारलं नाही. आमचे हे अजून मचाणावरच आहेत, असं मी माहेरी सांगायची आणि सगळे हसायचे. वाघ बदलून बघा असं मी तुम्हाला सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात की औषध जुन्या दुखण्यावर उशिरा लागू पडतं.

माझ्याबद्दल तर बोलायलाच नको. शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवणारी मी, आणि मला तुम्ही आणलंत बालवाङ्मय. ठळक टाइपातली, चित्रांची, कोल्हा आणि राजकन्या असलेली पुस्तकं. पहिल्या गुरुवारी वाटलं चुकून आलं असेल. दुसऱ्या गुरुवारी ससा आला. शेजारच्या काकूंनी माझ्या हातात ते पुस्तक पाहिलं आणि अशा काही हसल्या की मला सगळा अर्थ लागला, म्हणजे लागला असं वाटलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. मी ती पुस्तकं न उघडता परत करायला लागले. तुमच्याशी लागेल तेवढंच बोलायची, आणि भाकऱ्या अशा थापायची की मामंजींनी मधमाशांमधून मान वर करून बघावं.

मग मी ते बंड केलं. एका बुधवारी शाळेतून परस्पर वाचनालयात गेले, माझं सशाचं पुस्तक परत केलं आणि तुमच्या कार्डावर चांगली जाडजूड कादंबरी घेऊन आले, प्राध्यापकांनी नावाजलेली. चार पुस्तकांत एक कमी झालं, आणि गुरुवारी तुम्ही एका अक्षरानं तक्रार न करता माझं चित्रांचं पुस्तक आणलंतच, आणि जे कमी करायचं ते मामंजींचं केलंत. तो आठवडा मी विसरणार नाही. शुक्रवारी मामंजी नळावर ओरडले. शनिवारी घरमालकाशी भांडण झालं आणि भाडेकरू म्हणून आमची किती लायकी आहे हे आख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं. रविवारी त्यांनी दूधवाल्याला असं काही सुनावलं की सोमवारपासून तो आलाच नाही, आणि मला पहाटे उठून केंद्रावर रांगेत उभं राहावं लागलं. मी किटली घेऊन परत आले तेव्हा तुम्ही चहाचं आधण ठेवत होतात. तुम्ही मागे न वळता म्हणालात, "कादंबरी कशी आहे?" मी तोपर्यंत तिची पंधरा पानंही वाचली नव्हती, पण छान आहे म्हणाले. मग मलाच राहवलं नाही. तुम्हाला नातवंड हवं असेल तर तसं तोंडावर सांगा, सशाच्या आडून टोमणे मारू नका, असं मी बोलून गेले. तुम्ही गॅस बारीक केलात आणि माझ्याकडे बघितलंत. "नातवंडाचा काय संबंध? तू पुस्तक वाचत नाहीस, तपासतेस. पेन्सिल घेऊन बसतेस. जिथे तपासायला काही नाही असं देते, म्हणजे कधीतरी वाचशील."

इतकं खरं कुणी कुणाला सकाळी सकाळी सांगू नये. मी दूध ओट्यावर ठेवलं आणि आत गेले. तुम्ही नंतर त्यावर एक शब्द काढला नाहीत, गुरुवारी मला माकड आणलंत. मी ते वाचलं. हसू आलं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन हसले. म्हणजे माझ्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, मामंजींच्या बाबतीत होतात, भाऊजींच्याही. त्यामुळे यांच्या बाबतीतही असाल, हे मी गृहीत धरलं. तिथेच फसले.

आता आम्ही खराडीला राहतो. तुमच्या काळी खराडी म्हणजे पुण्याबाहेरचं शेत, आता काचेच्या बिल्डिंगा आहेत आणि तुमच्या नातवाचं, म्हणजे आमच्या मुलाचं, आणि सुनेचं ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे. वाचनालय नाही. म्हणून मुलानं पुस्तकं मागवून दिली, आणि मी सरळ तुमचीच चिठ्ठी पुढे चालवली. वाघ. रोज दुपारी चार वाजता, चहा झाला की मी यांच्यासमोर बसायची आणि मचाणावर चढायची. आवाज चढवून वाचायची, बकरीचा आवाजसुद्धा काढायची. हे पहिल्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिले, दुसऱ्या दिवशी डोळे मिटले, तिसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडल्याबरोबर भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं औषध पोटात जात नसेल तर वेगळ्या वाटेनं द्यावं. मधमाशा वाचल्या. माकड वाचलं. कादंबरीचा मधला भागही वाचून बघितला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सून म्हणाली, "आई, तुम्ही कशाला इतका घसा ताणता? ऑडिओबुक लावून देते ना, ॲप आहे, आपोआप वाचतं ते." तिनं लावलं. एक गृहस्थ गोड आवाजात काहीतरी जीवनाबद्दल सांगायला लागले आणि यांनी डाव्या हातानं तो फोन उशीखाली दाबून ठेवला. त्या बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मला हळूच म्हणाली की आजी, अजून एकही शब्द नाही म्हणजे आपण जरा काळजी करायला हवी. मी काय करत होते असं तिला वाटलं?

तुम्ही हे पत्रही मधूनच उघडाल, म्हणून मुख्य तक्रार इथे मधेच लिहिते. यांना वाघ कधीच आवडला नव्हता. मी त्यांना सरळ विचारलं. पुस्तक मिटलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, खरं सांगा, शिकारीचं कधी आवडलं होतं का? त्यांनी माझ्याकडे चोरी पकडली गेल्यासारखं बघितलं आणि मान हलवली. नाही. इतकी वर्षं दर गुरुवारी वाघ वाचला तो केवळ तुम्ही आणलात म्हणून. मग सांगितलं का नाही, असं मी ओरडले. बोलता न येणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे मूर्खपणाचा कळस, पण डोकंच फिरलं होतं. बरं, मग आवडतं काय? त्यांनी खांदे उडवले. त्यांनाही माहीत नव्हतं. अहो, सगळ्या घराच्या नाड्या बघून पुस्तकं देणाऱ्या तुम्ही, पोटच्या मुलाच्या हातात नावडतं पुस्तक कोंबत राहिलात, आणि तो घरातला सगळ्यात शांत माणूस म्हणून तुम्हीही विचारलं नाहीत आणि मीही नाही. ज्याची तक्रार नाही त्याचं सगळं बरं चाललंय, असं आपण दोघी धरून चाललो. मला तुमचा राग आला तसा माझाही आला, पण तुमचा जास्त आला, कारण तुम्ही आधी होतात.

मार्ग निघाला तो माझ्या हुशारीनं नाही आणि तुमच्या वैद्यकीनं तर नाहीच. यांचं करायला दिवसा एक बाई येतात, लोणी काळभोरच्या. दोन बस बदलून येतात, पोरीला कॉलेजात घातलंय, स्वभावानं मोकळ्या. त्या दिवशी मी मुलानं आणलेलं कुठल्याशा उद्योगपतीचं चरित्र वाचत होते. त्यांनी कारखाना काढला, कारखाना बुडाला, परत काढला. बाई यांच्या पायाला तेल लावत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आजी, त्या शेठजीचं काय व्हायचं ते हुंदे. माजी आज संकष्टी हाय, चंद्र निघंस्तोवर पोटात काय न्हाय. कायतरी खायाचं वाचा की, ऐकून तरी बरं वाटंल." मी इतकी वैतागले होते की म्हटलं चला, तेही करू. कपाटात माझ्या रुखवतात आलेलं पाककृतींचं पुस्तक होतं, आत्यानं ठेवलेलं. तुम्ही तेव्हा ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं होतंत. ते काढलं आणि जे पान उघडलं ते वाचायला लागले. डाळिंब्यांची उसळ. वाल भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत. तेलाची फोडणी करावी, मोहरी, हिंग, हळद. डाळिंब्या घालाव्यात, वाफ आणावी. तिखट, मीठ, आमसूल. ओलं खोबरं, कोथिंबीर. बाईंनी आवंढा गिळला. पुस्तक जुनं, पान दुमडलेलं, माझा चष्मा नाकावर घसरलेला, एक ओळ सुटली असेल. मी पुढच्या कृतीकडे वळणार तेवढ्यात आवाज आला.

"गूळ."

मी आधी बाईंकडे बघितलं. बाईंचे हात थांबले होते. यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला आणि परत म्हणाले, गूळ. स्पष्ट. ळसुद्धा जिथल्या तिथे. दुमडलेलं पान उलगडलं तर ओळ होतीच, गूळ चवीपुरता. बाई म्हणाल्या की आमच्यात उसळीत गूळ घालत न्हाईत, तर हे त्यांच्याकडे असं बघायला लागले की जणू त्यांनी देवाला नाव ठेवलं आहे. तिसऱ्यांदा गूळ म्हणाले. ज्या माणसानं सगळ्या संसारात आमटी अळणी झाली तरी जेवून हात धुतले आणि एक अक्षर बोलला नाही, त्याची ही तऱ्हा. मी रडले. बाईही रडल्या, आणि उपासाची बाई म्हणून मी त्यांना केळं दिलं.

तेव्हापासून रोज चार वाजता आम्ही तिघं स्वयंपाक वाचतो. रोज मी एक जिन्नस गाळते, आणि हे तो पकडतात. हिंग. आलं. एकदा भरल्या वांग्यांतून मी वांगीच गाळली, तेव्हा हे इतके हसले की ठसका लागला. करंज्यांच्या पिठातलं मोहन म्हणाले, चिंच म्हणाले, परवा तर "पाणी गरम" असे दोन शब्द एका दमात. बोलायला शिकवणारी मुलगी खूश आहे, सगळं वहीत उतरवून घेते आणि घरी जाऊन करूनही बघते. सुनेला मात्र माझी काळजी वाटायला लागली. तिनं दारातून ऐकलं की मी शिऱ्यातली साखर वाचत नाही आणि बिर्ड्यातलं मीठ वाचत नाही, आणि तिनं माझी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट घेतली आहे. मी जाणार आहे. चष्मा बदलायला झालाच आहे, आणि हे मुद्दाम करते असं सांगितलं तर ती सगळ्यांना सांगेल आणि मग ह्यांच्या कानावर जाईल.

काल मात्र निराळंच झालं. नशिबानं मोड आलेले वाल मिळाले होते, म्हटलं नुसतं वाचायचं कशाला, करूच. बाईंनी यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. मी फोडणी केली, डाळिंब्या टाकल्या, आणि गुळाचा डबा हातात घेऊन त्यांना विचारलं, केवढा घालू? हात दाखवतील, एखादा शब्द बोलतील, एवढीच माझी अपेक्षा. ते माझ्याकडे बघत होते. ओठ जुळवत होते. आणि म्हणाले, "आईला विचार."

आख्खं वाक्य. झटक्यानंतरचं पहिलं. ज्यासाठी मी वाघापासून वांग्यापर्यंत सगळं वाचलं ते वाक्य आलं, आणि आलं ते हे. आई, हे वाक्य मी किती ऐकलं आहे. पडदे कुठले घेऊ, आईला विचार. मुलाला कुठल्या शाळेत घालू, आईला विचार. माझी बदली स्वीकारू का, आईला विचार. तुम्ही गेल्यावर ते बंद झालं होतं, त्याजागी बघू आलं होतं. डबा हातात तसाच राहिला. राग आला, आणि रागाच्या खालून भीती आली. तुम्ही जाऊन किती काळ लोटला हे यांना आठवतंय ना? शब्द परत आले आणि बाकीचं घेऊन गेले, असं तर नाही? चेहऱ्यावरून काही कळेना, अर्धा चेहरा अजून हलत नाही. बाईही माझ्याकडे बघत होत्या. तुमची आई आता नाही हो, हे मला म्हणायला हवं होतं. म्हणवेना. गॅस बारीक केला, देवघरापर्यंत गेले, तिथे तुमच्या फोटोसमोर उगाच उभी राहिले, आणि परत येऊन म्हटलं, "विचारलं. सुपारीएवढा म्हणाल्या."

हे विचारात पडले. खरंच विचारात, दोन शर्टांसमोर पडायचे तसे नाही. मग डावा हात वर केला, बोटं वाटोळी केली आणि म्हणाले, "नाही. लिंबाएवढा." आणि अर्ध्या तोंडानं हसले. तेव्हा मला कळलं की तुम्ही नाही आहात हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, आणि इतकी वर्षं त्या वाक्यानं मला किती छळलं तेही माहीत होतं.

मी लिंबाएवढा घातला. उसळ अशी गोड झाली की सुनेनं एक घास घेऊन वाटी सरकवली आणि मुलगा म्हणाला की आई, हा डेझर्ट आहे का. बाईंनी घरी न्यायचा डबाच भरला नाही. आम्ही दोघांनी ती संपवली, यांनी तर वाटी पुसून खाल्ली. आता सकाळ आहे, हे अजून उठायचे आहेत, आणि मी हा कागद फाडून टाकायच्या आधी तुम्हाला एक कबूल करते. सुपारीएवढा हेच माप बरोबर आहे. तुमचंच आहे ते, मी इतकी वर्षं तेवढाच घालत आले आणि उद्याही घालीन. तरी तुमच्या मुलानं तुम्हाला नाही म्हटलं त्या क्षणी मला जो आनंद झाला, तेवढा मला तुम्ही असताना आपल्या घरात कधीही झाला नव्हता.